दहा पावलांवरून

“अंदाज नको, काका. दिसतंय तेवढंच सांगा.”

तपासणाऱ्या बाईंनी हे तिसऱ्यांदा सांगितलं, पण आवाज चढवला नाही. पंच खुर्चीत ताठ बसले होते. नाकावर जड गोल चौकट, डाव्या डोळ्यावर काळी चकती आणि समोरच्या भिंतीवर उजळलेली आकड्यांची पाटी. सगळ्यांत वरचा मोठा पाच त्यांनी झटक्यात वाचला होता. त्याखालचे दोन आकडेही वाचले होते. तिसऱ्या ओळीपासून मात्र आकडे एकमेकांच्या अंगावर रेलायला लागले.

“तीन,” ते म्हणाले. “मग आठ. किंवा सहा. नाही, आठच.”

“नक्की?”

“नक्की.”

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. ते उत्तर चुकलं हे पंचांना त्या पेनाच्या आवाजावरूनच कळलं.

त्यांचं खरं काम टपाल कचेरीत, पार्सलच्या खिडकीवर. पण गेली बावीस वर्षं दर रविवारी ते शहरातल्या फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहत, आणि त्या एका दिवसाने उरलेले सहा दिवस खाऊन टाकले होते. कचेरीत पंच, गल्लीत पंच, मेहुणीसुद्धा “पंच आहेत का घरात?” असंच विचारायची. बायको तेवढी “अहो” म्हणायची, तेही वाद घालायचा नसेल तेव्हा.

पंचांच्या संघटनेने यंदा नवा नियम काढला होता. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी डोळे तपासल्याचा दाखला आणायचा. पंच अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते, शिक्का मारून घ्यायला यावं तसे. त्यांच्या डोळ्यांना काय धाड भरली होती? कचेरीतले बरोबरीचे लोक कागद हातभर लांब धरून वाचायचे. पंच सत्तेचाळिसाव्या वर्षीही मुंगीच्या पायासारखी अक्षरं बिनचष्म्याने लावायचे. कुणाचा पत्ता लागला नाही की पार्सल त्यांच्याकडे यायचं.

बाईंनी चौकटीत काचा बदलल्या. टक. टक. “ही बरी की ही?” पुन्हा टक. आणि अचानक ती तिसरी ओळ थांबली. पंचांना आधी आकडे दिसलेच नाहीत, आकड्यांच्या कडा दिसल्या. ब्लेडने कापाव्यात तशा.

“तीन, शून्य, नऊ,” ते हळू आवाजात म्हणाले.

“बरोबर.” बाईंनी दिवा लावला. “लांबचा नंबर आहे, काका. उजव्याला उणे सव्वादोन, डाव्याला उणे पावणेतीन. म्हणून तर जवळचं इतकं छान दिसतं तुम्हाला. गाडी चालवता?”

“सायकल.”

“ते बरं आहे.”

“किती दिवसांपासून असेल हे?”

“दिवस नाही, वर्षं. पाच-सहा तरी असतील. हळूहळू वाढत जातं ना, म्हणून कळत नाही. माणूस अंदाजाने निभावतो.”

मग त्यांनी दाखल्याचा अर्ज पुढे ओढला. “कामाचं स्वरूप” या रकान्याशी त्यांची नजर थबकली. ओठांवर आलेलं हसू त्यांनी गिळलं, पण पंचांनी ते पाहिलं.

“माझा भाऊ खेळतो,” त्या सारवासारव करत म्हणाल्या. “दर रविवारी घरी येऊन पंचांच्या डोळ्यांचा उद्धार चालतो. म्हणून हसू आलं. राग नका मानू.”

“छे, छे. राग कसला,” पंच म्हणाले.

बावीस वर्षं त्यांनी तेच ऐकलं होतं. चष्मा घे. काठी घे. डोळे घरी ठेवून आलास का? पंचाच्या नशिबी ते असतंच. भाजीबरोबर मीठ यावं तसं ते शिट्टीबरोबर येतं. त्यांना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ते मनातल्या मनात वर्षं मोजत होते. पाच-सहा. म्हणजे चार वर्षांपूर्वीही असंच दिसत असणार.

चार वर्षांपूर्वीचा तो सामना त्यांच्या डोक्यातून तसा गेलाच नव्हता.

एका संघाचा गोलकीपर तेवीस वर्षांचा होता, ताडमाड उंच. त्याला सगळे खांब म्हणायचे; गोलाला दोन खांब असतात, हा तिसरा. पोरगा कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. त्या दिवशी एका मोठ्या कारखान्याच्या संघाचे प्रशिक्षक खास त्याला बघायला आले होते. पसंत पडला असता तर संघातही घेतला असता आणि कारखान्यात नोकरीही दिली असती. मैदानावर हे सर्वांना ठाऊक होतं, पंचांनाही.

उत्तरार्धात एका लांब फटक्यावर समोरचा खेळाडू एकटाच गोलाकडे सुटला. खांब पुढे धावला आणि त्याने झेपावून चेंडू कवटाळला. गोलापुढच्या चौकटीत असताना कीपरने चेंडू हातात घेतला तर ठीक. रेषेबाहेर घेतला तर गुन्हा, आणि अशा वेळी लाल कार्ड. पंच मागे राहिले होते, मधल्या वर्तुळापाशी. त्यांना काय दिसलं? एक पिवळा सदरा पुढे झेपावताना दिसला. त्याच क्षणी प्रेक्षकांतून गलका उठला, “बाहेर! बाहेर!” आणि त्यांच्या तोंडातली शिट्टी वाजली.

एकदा शिट्टी वाजली की पंचाला शंका परवडत नाही. त्यांनी लाल कार्ड काढलं. “मी आत होतो, सर, मी आत होतो,” असं म्हणत खांब जवळ आला आणि त्याने पंचांच्या छातीवर हात ठेवला. ढकललं म्हणावं इतकंही नव्हतं ते. पण अहवालात ते ढकलणं झालं. आणि चौकशीत “तुम्ही किती अंतरावर होतात?” असा प्रश्न आला तेव्हा पंचांनी लिहिलं, ‘दहा पावलांवरून मी स्पष्ट पाहिले आहे.’ बाजूच्या रेषेवरचा सहायक पंच वयस्क होता, भिडस्त होता. मुख्य पंचांनी इतक्या जवळून पाहिलं असेल तर माझं काही म्हणणं नाही, असं सांगून तो मोकळा झाला. खांबवर एका हंगामाची बंदी आली. प्रशिक्षक तर लाल कार्ड दिसताच निघून गेले होते.

“चष्मा करूया की लेन्स बसवायच्या?” बाई विचारत होत्या. “धावायचं असतं तुम्हाला. चेंडू तोंडावर बसला तर चष्म्याची काच नको. लेन्सच बऱ्या.”

“बसवा,” पंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा गेले. बाईंनी यंत्रावर हनुवटी टेकवून बुबुळाची गोलाई मोजली आणि एक लेन्स त्यांच्या तर्जनीवर ठेवली. पाण्याच्या थेंबाला आकार द्यावा तशी ती दिसत होती.

“आधी बघा, वाटीसारखी आहे ना? कडा बाहेर वळल्या असतील तर ती उलटी. हात साबणाने धुवून, कोरडे करून मगच हात लावायचा. आणि नळाचं पाणी चुकूनही नको, या बाटलीतलंच. हं, आता खालची पापणी ओढा, वर बघा आणि टेकवा.”

पंचांनी बोट जवळ नेलं. डोळा मिटला. पुन्हा नेलं, पुन्हा मिटला. लेन्स गालावर चिकटली, मग शर्टावर पडली, मग टेबलावर कुठेतरी, आणि दोघं मिळून ती शोधत बसले. अर्धा तास गेला. पंचांच्या कपाळावर घाम आला. बाहेर बाकावर एक कॉलेजातली मुलगी थांबली होती. ती आली, पाच मिनिटांत दोन्ही लेन्स घालून निघूनही गेली.

“सगळ्यांचंच असं होतं,” बाई म्हणाल्या. “डोळ्याला वाटतं, काहीतरी टोचायला आलंय. हट्टी असतो तो.”

“मालकावर गेलाय,” पंच म्हणाले. बाई मोकळेपणाने हसल्या. वातावरण थोडं हलकं झालं आणि त्यानंतरच्या खेपेला लेन्स बसली.

मग दुसरीही बसली. बाईंनी पाटी वाचून घेतली, दिव्याच्या बारीक फटीतून लेन्स नीट हलते का ते पाहिलं आणि म्हणाल्या, “रस्त्यावर एक चक्कर मारून या. टोचलं तर लगेच परत या.”

पंच बाहेर आले. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या सदऱ्याला एक बटण नव्हतं. झाडाला पानं होती. म्हणजे होतीच, पण एकेक होती, सुटी सुटी. रस्त्यापलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर कंटाळा होता आणि तो इथून दिसत होता. हे सगळं बाकीच्यांना रोज दिसत होतं तर! पंच चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मनात आलं: इतकं सगळं दिसत नसताना आपण कितीजणांना ‘मी पाहिलंय’ म्हणून सांगितलं असेल?

दुसऱ्या दिवशी कचेरीत आणखी एक गंमत झाली. लेन्स घालून ते खिडकीवर बसले आणि पार्सलवरचा पत्ता लागेना. अक्षरांवर कुणी पाणी सांडावं तसा तो फिसकटला होता. लांबचं आलं आणि जवळचं गेलं. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी पर्समधून वाचायचा चष्मा काढून दिला. “घ्या, पंच. आलात शेवटी आमच्या पंगतीला.” पंचांनी तो निमूटपणे नाकावर चढवला.

शनिवारी दुपारी, मैदानावर कुणी नसताना ते सायकलने तिथे गेले. लेन्स डबीत होत्या. आधी तसेच, मोकळ्या डोळ्यांनी, मधल्या वर्तुळाच्या कडेला उभे राहिले. त्या दिवशी उभे होते तिथेच. गोलाकडे पाहिलं. गवताचा हिरवा पट्टा, त्याच्या टोकाला काहीतरी पांढरट. चौकटीची रेषा कुठे आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून ती तिथे असल्यासारखी वाटत होती. दिसत नव्हती.

मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन त्यांनी हात धुतले, तडा गेलेल्या आरशापुढे उभे राहून लेन्स घातल्या. बारा मिनिटं लागली. परत येऊन त्याच जागी उभे राहिले. रेषा होती. चुन्याची, मध्ये दोन ठिकाणी पुसट झालेली. गोलाच्या खांबाचा रंग उडालेला दिसत होता. या लेन्समधून कुणी हात आत होते की बाहेर हे बघितलं असतं तर त्याला कळलं असतं.

ते चालत निघाले. पावलं मोजत. दहा झाली तेव्हा ते मैदानाच्या मधेच होते. रेषेवर पोचले तेव्हा सेहेचाळीस झाली होती.

पंच तिथेच गवतात बसले. इतके दिवस त्यांनी मनाशी एक घर बांधलं होतं: डोळेच गेले होते, त्याला माणूस काय करणार? बाईंनी सांगितलंच होतं की कळत नाही म्हणून. ते घर या सेहेचाळीस पावलांनी पाडलं. डोळ्यांना दिसलं नव्हतं हा डोळ्यांचा दोष. पण सेहेचाळीसची दहा डोळ्यांनी केली नव्हती. ती हातांनी केली होती, टेबलाशी बसून, निळ्या शाईने. आणि लिहिताना त्यांना ते ठाऊक होतं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपडे घडी करत होती. तिचा हात थांबला नाही.

“त्याच सुमारास मी म्हटलं होतं, डोळे बारीक करून बघता, एकदा दाखवून घ्या,” ती म्हणाली. “तुम्ही काय म्हणालात आठवतंय?”

“काय?”

“पंचाला चष्मा लागला की लोक हसतात.”

तिने उशीचा अभ्रा झटकला, दुमडला.

“त्या पोराला सांगणार आहात?”

“सांगून काय होणार, असं वाटतं.”

“ते त्याला ठरवू द्या की. प्रत्येक निकाल तुम्हीच कशाला द्यायला हवा?”

सोमवारी ते संघटनेच्या चिटणीसांकडे अर्ज घेऊन गेले. चिटणीसांनी तो वाचला, दार लोटून घेतलं आणि पुन्हा वाचला.

“पंच, कशाला उकरून काढताय? चार वर्षं झाली. तुमचे सगळे सामने संशयात येतील. आणि लिहायचंच असेल तर डोळ्यांचं लिहा. ते कुणीही समजून घेईल. हे पावलांचं कशाला?”

“तेच तर लिहायचंय.”

“शिट्टी काढून घेतील तुमची.”

“घेऊ द्यात.”

चिटणीसांनी सुस्कारा टाकून आवक शिक्का मारला. कामात चोख माणूस होता, त्याने प्रतीवरही मारला.

खांबचा ठावठिकाणा त्या वयस्क सहायक पंचाकडून मिळाला. बंदी संपल्यावर तो पुन्हा मैदानावर फिरकला नव्हता. एका फर्निचरच्या दुकानात माल पोचवायचं काम करत होता. दुकानात चौकशी केली तर कळलं की गाडी दोन गल्ल्या सोडून गेलीय, कपाट पोचवायला.

एका चार मजली इमारतीपुढे टेम्पो उभा होता. कपाटाचा सांगाडा वर गेला असावा. गाडीत फक्त त्याचे ड्रॉवर उरले होते, रांगेने रचलेले. खांब दोरी गुंडाळत होता. पंचांनी त्याला रस्त्याच्या टोकावरूनच ओळखलं. अंगाने भरला होता. केस पुढून विरळ झाले होते.

त्यानेही ओळखलं. दोरी गुंडाळणं तेवढं थांबलं.

“पंच,” तो म्हणाला. नमस्कार नाही, शिवी नाही.

“तुझ्याशी बोलायचं होतं. पाच मिनिटं.”

“बोला. जोडीदार वर कपाट जुळवतोय.”

पंचांनी बरीच वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यांनी खिशातून अर्जाची प्रत काढून दिली. खांबने हात पँटला पुसले आणि कागद घेतला. सावकाश वाचला. ओठ हलत होते. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. ‘मी दहा पावलांवर नव्हतो, सेहेचाळीस पावलांवर होतो. मला दिसले नव्हते. मी तसे लिहायला हवे होते,’ त्या ओळींपाशी त्याचा अंगठा बराच वेळ राहिला.

“म्हणजे मी आत होतो,” तो म्हणाला.

“ते मला माहीत नाही. मला दिसलंच नाही. पण तू म्हणालास आत होतो, आणि तू तिथे होतास.”

खांबने मान हलवली. तो टेम्पोच्या फळीला टेकला.

“गंमत सांगू का? पहिले पाच-सहा महिने मी सगळ्यांना सांगायचो, आत होतो म्हणून. मग कुणीतरी म्हणालं, अरे, पंच दहा पावलांवर होते, ते कशाला खोटं लिहितील? तुमचं नाव होतं, पंच. मग मलाच वाटायला लागलं, आपलाच हात गेला असेल बाहेर. झेप घेताना कुठे कळतं?” तो थांबला. “वडिलांना फार लागलं होतं ते. शेवटी मीच त्यांना सांगून टाकलं, चूक माझीच होती, तुम्ही जीव जाळू नका. मग ते गप्प झाले.”

“कसे आहेत ते?”

“गेले. दीड वर्ष झालं.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. पंचांना खाली बघायचं होतं, पण ते बघत राहिले. खांबच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. तो त्यांनी याआधी कधी पाहिला नव्हता.

“मी माफी...” त्यांनी सुरुवात केली.

“नको,” खांब म्हणाला. आवाजात राग नव्हता. “आत्ता नको ते. मला काय म्हणायचं ते माहीत नाही अजून.” त्याने कागद चार घड्या करून वरच्या खिशात ठेवला. “हा मी नेतो. आई आहे घरी. तिला वाचून दाखवतो.”

“तुझाच आहे तो.”

वरून कुणीतरी हाक मारली, ड्रॉवर आणा म्हणून. खांबने चार ड्रॉवर एकावर एक रचून उचलले आणि जिना चढायला लागला. गाडीत दोन उरले. पंच क्षणभर उभे राहिले. जायला हवं होतं. त्यांनी ते दोन ड्रॉवर उचलले आणि मागोमाग निघाले.

जिना अरुंद होता. पहिल्या वळणावर खांबला मागे पावलं ऐकू आली. त्याने मान वळवून पाहिलं, भिंतीकडे सरकून जरा जागा दिली आणि चढत राहिला. दुसऱ्या मजल्यावर पंचांना धाप लागली. खांबने वेग कमी केला की त्यांना तसं वाटलं, कुणास ठाऊक.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ड्रॉवर कपाटापुढे ठेवून घेतले, आतून पाण्याचे दोन पेले आणले आणि पांढरे होत चाललेले केस, इस्त्रीचा शर्ट आणि घामेजलेला चेहरा न्याहाळत विचारलं, “हे नवीन कामाला लागलेत का?”

खांबने आपला पेला संपवला. तळहाताने तोंड पुसलं.

“नाही,” तो म्हणाला. “ओळखीचे आहेत.”

पंचांनी दुसरा पेला दोन्ही हातांत धरला आणि उभ्या उभ्या पाणी प्यायले.